तुमचं इंजिन आमच्याकडे आहे

थोरले साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा नमस्कार. पत्राच्या डोक्यावर काय लिहावं यात माझी अख्खी सकाळ गेली. 'तीर्थरूप' लिहावं इतके तुम्ही माझ्याहून मोठे नाही (जेमतेम वर्षाचं अंतर, तेही तुमच्या शाळेच्या दाखल्यावर विश्वास ठेवला तर). 'प्रिय' लिहावं तर आपलं सध्या बोलणं नाही. 'महोदय' लिहून पाहिलं, तर तुमच्या मेहुणीबाई खांद्यावरून वाचून म्हणाल्या की हे नळाला पाणी येत नसल्याच्या तक्रारीसारखं वाटतंय. म्हणून शेवटी नुसतंच नातं लिहिलं. बाकी काही झालं तरी तेवढं आपल्यात कोणी खोडलेलं नाही.

इकडे सर्व ठीक. तुमची प्रकृती कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, एरवी तुमच्या गुडघ्याची, रक्तदाबाची आणि तुम्हाला न मानवणाऱ्या नव्या चष्म्याची बातमी मला रोज सकाळी मिळते, कारण दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात आणि आमच्याकडे फोन मोठ्या आवाजात लावायची पद्धत आहे. माझीही बातमी तुमच्यापर्यंत अशीच पोचत असणार. त्यातला मी गाडीखाली अडकून ओरडलो हा भाग वाढवून सांगितलेला आहे. मी ओरडलो नाही. मी हाक मारली. ती तिसऱ्या घरापर्यंत गेली यात माझ्या आवाजाचा मोठेपणा आहे, दुखण्याचा नाही. पण त्याविषयी पुढे येईलच.

पत्र लिहायला कारण असं घडलं की आमच्या गावात जुन्या मोटारींचं एक मंडळ निघालं आहे. दर वर्षी ते गाड्यांची परेड काढतात. त्या परेडीत पहिली रांग असते ती 'जशीच्या तशी' गाड्यांची. म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हा जे भाग होते तेच आजही ज्या गाडीत आहेत, अशी गाडी. बाकीच्या गाड्या मागे. नवा रंग, नवं इंजिन, कुठून कुठून आणून बसवलेले दिवे, असा सगळा गोतावळा मागच्या रांगेत धूर खात येतो. आता तुम्ही मला ओळखता. गेल्या कित्येक वर्षांत मी आपली गाडी (म्हणजे माझी, सवयीने 'आपली' लिहिलं गेलं) डोळ्यांत तेल घालून जपली आहे. मागच्या रांगेत उभं राहण्यासाठी नव्हे. मी अर्ज केला. मंडळाच्या चिटणिसांनी कळवलं की गाडी दिसायला कितीही मूळची दिसली तरी मंडळ दिसण्यावर जात नाही, क्रमांकावर जातं. परीक्षक घरी येतील, प्रत्येक भागावर कारखान्याने ठोकलेला क्रमांक तपासतील, आणि सगळे जुळले तरच पहिली रांग. मी उलट टपाली कळवलं की अवश्य या. दातांचा डॉक्टर म्हणून आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावून हा तुमचा आणि हा बसवलेला असं सांगत आलो. मला तपासणीची कसली भीती.

आता तुम्हाला जे पाठ आहे ते मी का सांगतो आहे असं वाटेल, पण पत्र शिस्तीत लिहायचं ठरवलं आहे. आपण दोघांनी गाड्या एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतल्या. तुमची दुधी रंगाची, माझी बाटलीसारखी हिरवी, बाकी खिळ्यासकट सारख्या. त्या कारखान्याची पद्धत अशी की चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, जो क्रमांक तोच इंजिनावर, तोच गिअरबॉक्सवर. आपल्या दोन गाड्यांचे क्रमांक लागोपाठचे. शेवटचा आकडा एकीचा पाच आणि दुसरीचा सहा, पुढचे सगळे एकसारखे. थोरले म्हणून निवड तुमची होती. तुम्ही सहा घेतलात, कारण तुमच्या मते नंतर बनलेल्या गाडीवर कामगारांचा हात बसलेला असतो. मला पाच उरली आणि मी तिथल्या तिथे जाहीर केलं की आधी जन्मलेली ती थोरली. दुकानदाराने दोघांनाही 'अगदी बरोबर' म्हटलं होतं. त्या दिवसापासून आपण जे भांडत आलो, ते त्या एका आकड्यावरून. मजेत भांडत आलो, असं मला तेव्हा वाटायचं.

परीक्षक यायच्या आधीचा आठवडा मी गाडीला तिचं तारुण्य परत देण्यात घालवला. गाणी ऐकायचं यंत्र काढलं आणि जुना रेडिओ माळ्यावरून आणून त्या भोकात बसवला (तो वाजत नाही, पण मूळचा आहे). गाद्यांवरची फुलाफुलांची कव्हरं काढली. स्टिअरिंगवरची लोकरीची टोपी काढली, ती तुमच्या मेहुणीबाईंनी स्वतः विणलेली असल्यामुळे तिच्याबद्दल घरात दोन दिवस शोक पाळला गेला. डॅशबोर्डवरचं घड्याळ मिळेना. शेवटी कळलं की ते स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांमागे आहे आणि बरोबर वेळ दाखवतं. मी ते मागितलं तर म्हणाल्या, गाडी कुठे जात नाही, तिला वेळ कशाला कळायला हवी. मी ते गुपचूप काढून गाडीत बसवलं. तेव्हापासून ते बंद आहे आणि दोष माझ्याकडे आहे.

राहिला चासीचा क्रमांक. तो पुढच्या उजव्या चाकाच्या आत, लोखंडी पट्टीवर ठोकलेला असतो हे तुम्हाला माहीत आहेच. रंगाच्या थरांखाली तो दिसेनासा झाला होता. परीक्षक यायच्या दिवशी, एका पेशंटच्या दाढेत भूल चढेपर्यंतचा वेळ रिकामा आहे असं पाहून, मी डॉक्टरी कोटावरच गाडीखाली शिरलो. ब्रशने रंग खरवडला. पहिले तीन आकडे उघडे पडले. चौथ्याला मान वळवली आणि पाठीत असं काही धरलं की पुढे जाता येईना आणि मागेही. तेव्हा मी जी हाक मारली तिचा उल्लेख वर आलाच आहे. पेशंट तोंडात कापूस धरून बाहेर आला. त्याने एक पाय धरला, तुमच्या मेहुणीबाईंनी दुसरा, आणि दोघांचं कुठल्या बाजूला ओढायचं यावर एकमत होईना (पेशंटला बोलता येत नव्हतं हे त्यातल्या त्यात बरं). एवढ्यात फाटक वाजलं आणि परीक्षक आल्या.

परीक्षक म्हणजे एक बाई. पन्नाशीच्या, आखूड केस, गळ्यात विजेरी, हातात हत्यारांची चपटी पेटी. पूर्वी कुठल्याशा विमा कंपनीसाठी चोरीच्या गाड्या ओळखायचं काम करत होत्या, त्यामुळे समोरची गाडी चोरीची आहे हे धरूनच त्यांची नजर सुरुवात करते. मी त्यांना पहिल्यांदा दिसलो तो गुडघ्यांपासून खाली. त्यांनी शांतपणे विचारलं, हे कोण. तुमच्या मेहुणीबाई म्हणाल्या, हे मूळचेच आहेत, पण ह्यांचे सुटे भाग आता मिळत नाहीत. यावर दोघी हसल्या. तिथेच माझी बाजू अर्धी गेली.

मला बाहेर काढून खुर्चीवर बसवण्यात आलं, पाठीला उशी लावली, आणि माझी पुढची तपासणी मी खुर्चीतून पाहिली. बाईंचं काम बघण्यासारखं होतं हे कबूल करायला हवं. मी ज्याला धूळ म्हणत होतो तिचीही त्या चौकशी करत होत्या. काचांच्या कोपऱ्यांत किती बारीक ठिपके असतात आणि त्यांवरून ती काच कुठल्या साली ओतली ते कळतं, हे मला ठाऊक नव्हतं. मागची डावी काच नंतरची निघाली. (ती तुमच्या थोरल्या मुलीने चेंडू मारून फोडली होती. मी बाईंना काही सांगितलं नाही. काचा नंतरच्या असल्या तर मंडळ चालवून घेतं.) दाराच्या आतल्या पट्टीचे खिळे त्यांनी नखाने चाचपले, कारण पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावली तर खिळ्यांची डोकी वेगळी येतात. माझी डोकी बरोबर निघाली. मी अर्धवट खोदून ठेवलेला चासीचा क्रमांक त्यांनी पूर्ण उघडा केला. शेवटी इंग्रजी पाच. स्वच्छ, गुबगुबीत. गिअरबॉक्सवर पाच. मी खुर्चीत ताठ बसलो. (बसलो असतो. पाठ.)

इंजिनाचा क्रमांक आपल्या गाडीत अडचणीच्या जागी आहे. ब्लॉकच्या कडेला बोटभर सपाट जागा, आणि तिच्या अगदी समोर डायनामो. बाईंची विजेरी तिथे पोचेना, आरसा मोठा पडत होता की मधे अडकत होता, काहीतरी होत होतं. तेव्हा मी, साडूभाऊ, माझ्याच हाताने, माझ्याच दवाखान्यातला दाढा बघायचा छोटा आरसा मागवून त्यांना दिला. वर सल्लाही दिला की आधी मुठीत धरून गरम करा म्हणजे वाफ धरत नाही. असं सहकार्य कोणी आपल्याविरुद्धच्या साक्षीदाराला केल्याचं मला आठवत नाही.

बाईंनी आरशात पाहिलं. मग रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा फिरवला आणि पुन्हा पाहिलं. मग पातळ कागद आत सरकवून त्यावर पेन्सिल घासली आणि ठसा बाहेर काढला. तो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. पुढचे सगळे आकडे माझे. शेवटचा सहा.

मी सांगितलं की तो पाचच आहे, खालच्या पोटात गंज साचून तोंड बंद झालं आहे. त्यांनी पुन्हा बोळा फिरवला. जसजशी घाण निघाली तसतसा तो जास्तच सहा होत गेला. मी म्हटलं कारखान्यात ठोकताना चूक झाली असेल. त्यांनी विचारपूर्वक मान हलवली आणि म्हणाल्या की चुका होतात, पण त्या सहसा सावकाश आणि सरळ रेषेत ठोकलेल्या नसतात. मी त्यांच्या चष्म्याच्या नंबराची चौकशी केली. मग मी आवाज थोडा चढवून सांगितलं की हे इंजिन पहिल्या हाकेला सुरू होतं, चढावर गिअर बदलावा लागत नाही, इतकी वर्षं माझ्या बोटांना त्याची नाडी माहीत आहे. तेव्हा त्यांनी पेटी बंद केली आणि जे म्हणाल्या ते शब्दशः लिहितो, कारण ते मला अजून ऐकू येतं.

"डॉक्टर, इंजिन फार चांगलं आहे. फक्त ते तुमचं नाही."

जाताना दारात थांबून त्यांनी एवढंच सांगितलं, की आकडा खोडलेला नाही, घासलेला नाही, म्हणजे लबाडी कोणाची नाही. कुठेतरी दोन गाड्यांची आपसांत अदलाबदल झालेली असावी. शेजारच्या क्रमांकाची गाडी सापडली तर तुमचं इंजिन तिच्यात असेल. तशी गाडी तुमच्या माहितीत आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चौकशी करतो. तुमच्या मेहुणीबाई माझ्याकडे बघत होत्या.

पाठ सरळ झाल्यावर मी मिस्त्रीकडे गेलो. आपले जुने मिस्त्री आता गॅरेजात काम करत नाहीत, मुलाच्या टायरच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून कोण किती दिवसांत परत येणार ते सांगतात. त्यांचे अंदाज बहुतेक चुकतात. मी आडून आडून विषय काढला. त्यांना लगेच आठवलं, आणि त्यात काही विशेष आहे असंही त्यांना वाटलं नाही. आपण दोन्ही कुटुंबं समुद्रावर गेलो होतो तेव्हा (तुम्ही आणि मी दोन तिकिटं कमी काढून टीसीसमोर उभे राहिलो होतो ती खेप) दोन्ही गाड्या त्यांच्याकडे इंजिनकामाला टाकून गेलो होतो. दोन्ही इंजिनं एकदमच उतरली, दोन्ही ब्लॉक एकाच टेम्पोतून लेथवर गेले आणि एकाच टेम्पोतून परत आले. जे आधी जोडून झालं ते दाराशी उभ्या असलेल्या गाडीत बसवलं. दाराशी माझी होती. मी विचारलं, अहो, पण क्रमांक बघायचा ना. तर ते म्हणाले, "कशाला बघू? तुम्ही दोघं तेव्हा एकच होता. पुढे वेगळे व्हाल हे मला काय माहीत."

मी तिथे बराच वेळ टायरवर बसून होतो. शेवटी मुलाने येऊन विचारलं, टायर घ्यायचा आहे का.

आता साडूभाऊ, हिशेब तुम्हीच करून बघा, मी परतीच्या वाटेवर केला आहे. समुद्रावरून आल्यापासून आजवर मी ज्या इंजिनाची तारीफ सांगत आलो, ते तुमचं. दवाखान्यात पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून, म्हणजे त्याला नाही म्हणता येणार नाही अशा अवस्थेत, मी ज्याच्या गुळगुळीत चालण्याविषयी बोलत आलो ते तुमचं. आणि तुमच्या गाडीत जे सकाळी खोकायचं, थंडीत रुसायचं, ज्याला तुम्ही नवे प्लग, नवी पाइपं आणि सुट्टीचे सगळे दिवस वाहिलेत, ते माझं. तुम्ही इतकी वर्षं माझ्या इंजिनाची सेवा केलीत. त्याबद्दल आभार मानायचे की क्षमा मागायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आभार मानणं सोपं आहे, म्हणून तूर्त आभार.

आणि मग तो घाट. तो विषय काढू नये असं ठरवलं होतं, पण काढल्याशिवाय पत्र पुढे सरकत नाही. सगळे मिळून तळ्यावर निघालो होतो, तुमची गाडी तिसऱ्या वळणावर उकळली, मी हॉर्न वाजवत पुढे गेलो. मग वरून वळून पाण्याचा कॅन घेऊन परत आलो (हे लोक विसरतात, की मी परत आलो). तुम्ही बॉनेटखाली वाकलेले, हात काळे, मुलं दगडांवर बसलेली, दोघी बहिणी सावली शोधतायत, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "गाडी सारखी असून भागत नाही, साडूभाऊ. इंजिनात खानदान लागतं." मला ते फार सुचलेलं वाक्य वाटलं होतं. मुलं हसलीसुद्धा. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही कॅन माझ्या हातातून घेतला, बाजूला ठेवला, बायकामुलांना माझ्या गाडीत बसवलंत आणि स्वतः मागे राहिलात. संध्याकाळी टोईंगवाल्याबरोबर परस्पर घरी गेलात. त्यानंतर तुम्ही आमच्याकडे आला नाहीत आणि मी तुमच्याकडे आलो नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, तुम्ही विनोद समजून घेतला नाहीत. दुसऱ्या वर्षी वाटलं, राग उतरेल. पुढे काही वाटायचं बंद झालं. संध्याकाळी गाडी पुसायला घेतली की शेजारी दुसरी गाडी पुसणारं कोणी नाही, एवढं फक्त जाणवायचं. ते पुसण्याच्या कामाच्या दृष्टीने म्हणतो आहे.

तर आता सरकारी भाषेत असं सिद्ध झालं आहे की ते वाक्य मी उच्चारलं तेव्हा बॉनेटखाली माझंच इंजिन होतं. खानदान नसलेलं इंजिन माझं. तेव्हा त्या वाक्याचा अपमान कायदेशीररीत्या माझ्याकडे परत येतो आणि तुम्हाला राग धरून ठेवण्याचं कारण उरत नाही. हा मुद्दा मी तुमच्या मेहुणीबाईंना समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, की माफी मागायची याहून लांबची वाट त्यांनी अजून पाहिलेली नाही. मी त्यांना म्हटलं, ही माफी नाही, हा खुलासा आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची की नाही यावर दोन दिवस घालवले. मंडळातल्या एका सद्गृहस्थांनी (त्यांच्या गाडीत चाकं सोडून फारसं मूळचं काही नाही आणि ती दर वर्षी पहिल्या रांगेत असते) मला बाजूला घेऊन सांगितलं, की एवढंसं काय मनाला लावून घेता, आकडाच तर आहे, दुरुस्त करून घ्या. बाईंना म्हणावं, पुन्हा नीट बघा. सहाच्या पोटाची डावी कड कोरून दाढेसारखी भरून टाकली की पाच होतो. आणि कोरायचं म्हटलं तर माझ्यासारखा माणूस शोधून मिळायचा नाही. जन्मभर मी याहून अवघड जागी, हलत्या जिभेच्या शेजारी, रडणाऱ्या माणसांत, याहून बारीक कोरलं आहे. संध्याकाळी दवाखाना बंद केल्यावर मी हातातलं छोटं ड्रिल, दोन बारीक टोकं आणि तो आरसा घेऊन गाडीपाशी गेलो. डायनामो सैल केला. दिवा लावला. ड्रिल सुरू केलं. तो आवाज तुम्हाला माहीत आहे. माणसं तो ऐकून खुर्चीचे हात घट्ट धरतात. मी टोक आकड्याच्या अगदी जवळ नेलं.

आणि नाही झालं. माझा प्रामाणिकपणा आडवा आला असं लिहायला मला आवडलं असतं, पण तुम्ही हसाल. झालं असं, की मला सवयीने विचारावंसं वाटलं, की दुखतंय का. आणि मग लक्षात आलं, की विचारायचं झालं तर तुम्हाला विचारायला हवं. दात तुमचा, आणि तुम्हाला न सांगता कोरायला निघालेला मी. ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या वस्तूला हात लावायचा तर आधी बोलणं सुरू करावं लागतं, असा तो चमत्कारिक पेच होता. मी ड्रिल बंद केलं. मागे वळलो तर तुमच्या मेहुणीबाई दारात उभ्या. त्यांनी ड्रिलकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि विचारलं, तिला कीड लागली आहे का. मी म्हटलं, नाही, फक्त तपासत होतो. त्या म्हणाल्या, मग आता पत्र लिहा.

म्हणून हे पत्र. माझा प्रस्ताव सरळ आहे. तुम्ही तुमची गाडी घेऊन इकडे या. मिस्त्री स्वतः देखरेख करायला तयार आहेत (काम त्यांच्या मुलाने करायचं अशी मी अट घातली आहे). तुमचं इंजिन तुमच्या गाडीत जाईल, माझं माझ्या गाडीत येईल. यात नुकसान माझंच आहे हे तुम्ही लक्षात घ्यावं: मी एक उत्तम चालणारं इंजिन देऊन एक खोकणारं परत घेतो आहे. पण खरं ते खरं. बाईंनी कबूल केलं आहे की इंजिन आपल्या जागी आलं की त्या पुन्हा येतील. परेड पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा उशीर करू नये. बाईंनी काढलेला ठसा सोबत जोडला आहे. तुमच्या चासीच्या आकड्याशी ताडून पाहा. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवाल अशी माझी अपेक्षा नाही, पण पेन्सिलीवर ठेवाल.

कळायचं ते कळलंच असेल. लोभ पूर्वी होता. तो कोणी काढून नेलेला नसावा, अशा आशेत,

आपला,
धाकटा साडू

ता. क. मंडळातलं कोणी भेटलं तर इंजिनाचा विषय काढू नये. विचारलंच तर आपण दोघांनी ठरवून, प्रयोग म्हणून, अदलाबदल केली होती असं सांगावं. प्रयोग कसला, हे अजून ठरायचं आहे. आलात की ठरवू.

ता. क. दुसरा. इंजिनं उतरवून चढवायला मिस्त्रींच्या मते दोन दिवस लागतात, माझ्या मते आठ. तेवढे दिवस तुम्हाला इथेच राहावं लागेल, त्याला माझा नाइलाज आहे. तुमची वरची डावी दाढ ठणकते आणि तुम्ही दुसऱ्या कोणाला तोंड उघडून दाखवत नाही असं फोनमधून कळलं. त्या रिकाम्या वेळात बघून टाकू.

ता. क. तिसरा. (हे ह्यांचं नाही, माझं आहे.) भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आहे, म्हणून चार ओळी.

परेड पुढच्या महिन्यात नाही. ती मागच्या रविवारी झाली. हे गेले नाहीत. दिवसभर गाडीपाशी बसून होते, आणि संध्याकाळी आत येऊन पत्राचा कागद मागितला. आता इंजिन बदलून कुठल्याच रांगेत जागा मिळायची नाही हे ह्यांना पुरतं माहीत आहे. मी तसं विचारलं, तर म्हणाले, परेडीचं लिहिलं नाही तर तो माणूस कशाला येईल. मी म्हटलं, 'ये' एवढंच लिहून बघा. तर म्हणाले, तेवढं जमलं असतं तर एवढे कागद कशाला खर्च केले असते.

तुमची गाडी दोन वर्षं सुरूच झालेली नाही हे मला ताईकडून ठाऊक आहे. ह्यांना सांगितलेलं नाही. गाडीचं बोलायचं असलं की आम्ही फोनचा आवाज कमी करतो. तेव्हा इंजिन राहू द्या तिथेच, बसने या.

ताईने तुमची बॅग भरून ठेवली आहे. तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलं आहे.